चिंगी दीड वर्षं सांगतच होती

पत्र:

नमस्कार ताई, आम्ही एरंडवण्यात म्हात्रे पुलापासून जवळच राहतो. घरी मी, मिस्टर, सासू-सासरे, सात वर्षांचा मुलगा आणि चिंगी. चिंगी इंडी, म्हणजे आपली देशी कुत्री आहे, वारज्याला एका बांधकामाच्या साइटवरून आणली तेव्हा चार महिन्यांची होती, आता दोन वर्षांची झाली. मुलगा जवळ गेला की गुरगुरायची म्हणून दोन महिन्यांपूर्वी ट्रेनर लावला. ते म्हणाले हिला वाटतं घरात हीच बॉस आहे, आधी तुम्ही जेवा मग तिला द्या, दारातून आधी तुम्ही बाहेर पडा, आणि गुरगुरली की उताणी पाडून मानेला धरून ठेवा, ढिली पडेपर्यंत सोडायचं नाही. आम्ही केलं. गुरगुरणं खरंच बंद झालं. पण गेल्या रविवारी घरी सत्यनारायण होता, संध्याकाळी सगळे गेल्यावर ती डायनिंग टेबलाखाली पडली होती, मुलाने जाऊन मिठी मारली आणि ती चावली. हाताला दोन दात लागले. लगेच धुतलं, इंजेक्शनं चालू केलीत, तिची लसही झालेली आहे. पण ना भुंकली ना गुरगुरली, उलट शेपूट हलवत होती हो! नंतर तिलाही कळलं चूक झाली, कान पाडून बाल्कनीत जाऊन बसली. सासरे म्हणतात सिंहगडाच्या पायथ्याला सोडून या. ट्रेनर म्हणतात इंडी जिद्दी असतात, आता शॉकचा पट्टा लावू. मिस्टर काहीच बोलत नाहीत. मुलगा रोज विचारतो चिंगी माझ्यावर का चिडली. सोबत मे महिन्यातला एक व्हिडिओ पाठवतेय, तो तिला मिठी मारतोय आणि ती किती शांत बसलीये ते बघा.

उत्तर:

नमस्कार,

तुमचं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी परत वाचलं, आणि तो व्हिडिओ तर दहा-बारा वेळा बघितला, आवाज बंद करून. आवाज चालू असला की आपलं सगळं लक्ष मुलाच्या हसण्याकडे जातं आणि कुत्र्याकडे बघायचं राहून जातं, म्हणून मी कुणाचाही असा व्हिडिओ आला की पहिल्यांदा आवाज बंद करते.

त्याच्यावर बोलायच्या आधी मुलाच्या हाताचं. इंजेक्शनांच्या तारखा डॉक्टरांनी दिल्यात त्यातली एकही चुकवू नका, बरं वाटतंय, जखम भरली, तिची लस झालीये, अशा कुठल्याही कारणाने आपलं आपण थांबवू नका, थांबवायचं असेल तर ते डॉक्टरच सांगतील. चिंगीकडे चावल्यापासून दहा दिवस नीट लक्ष ठेवा, खातेय का, पाणी पितेय का, वागण्यात काही विचित्र वाटतंय का. आणि पुन्हा कधी कुणाला दात लागला (लागू नये, पण समजा) तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं घड्याळ लावून धुवायचं. दोन मिनिटं धुऊन हळद लावली असं करू नका.

आता व्हिडिओ. तुम्ही लिहिलंय ती किती शांत बसलीये. मला त्यात ती शांत दिसत नाही, मला ती गोठलेली दिसतेय. तो तिच्याकडे यायला लागतो तेव्हाच ती मान दुसरीकडे वळवते. त्याने गळ्यात हात टाकल्यावर ती जिभेने नाक चाटते, एकदा, मग लगेच परत एकदा, आणि समोर खायचं काहीही नाहीये. मग जांभई देते, भर सकाळी, नुकतीच उठलेली नसताना. मग कान मागे चिकटतात, तोंड जे थोडं उघडं होतं ते घट्ट मिटतं, आणि डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसायला लागतं कारण तोंड एकीकडे आणि नजर मुलाच्या हाताकडे, तो हात आता कुठे जातोय हे ती बघतेय. शेवटच्या आठ-दहा सेकंदात ती श्वास सुद्धा रोखून धरते असं मला वाटलं. आणि तुमचा मुलगा तिला सोडतो तशी ती उठून अंग झाडते, नखशिखांत, जशी कुत्री पावसात भिजून आल्यावर झाडतात. अंग कोरडं असताना असं झाडणं म्हणजे बहुतेक वेळा ‘हुश्श, संपलं एकदाचं’.

एवढ्याशा व्हिडिओत सहा-सात वेळा तिने सांगितलं की मला हे नको. तुम्ही आई आहात म्हणून तुम्हाला पटेल असं सांगते. तान्हं बाळ नको असलेला घास आला की पहिल्यांदा काय करतं? तोंड मिटतं. मग मान वळवतं. मग हाताने वाटी ढकलतं. तरी भरवतच राहिलात तर मग रडतं, आणि मग थुंकतं. आपण काय, पहिल्या मान वळवण्यालाच ओळखतो, ‘पोट भरलं वाटतं’ म्हणतो आणि वाटी बाजूला ठेवतो. कुत्र्याचंही असंच पायरी पायरीने असतं, नजर चुकवणं, नाक चाटणं, जांभई, उठून निघून जाणं, अंग चोरणं, ताठरणं, मग गुरगुरणं, मग दात दाखवणं, मग हवेतच चावल्यासारखं करणं आणि सगळ्यात शेवटी दात लावणं. चिंगी पहिल्या चार-पाच पायऱ्या दीड वर्षं रोज वापरत होती आणि घरात कुणाला ती भाषा येत नव्हती, हा तुमचा दोष नाही, आपल्याला कुणी शिकवतच नाही. मग तिने तुम्हाला ऐकू येईल असा शब्द काढला, गुरगुरली. आणि त्या शब्दाला तिला शिक्षा झाली.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माझ्या मते हे आहे, की ‘गुरगुरणं खरंच बंद झालं’. बंद झालं म्हणजे तिला मुलाबद्दल वाटणारी भीती गेली का? नाही गेली. फक्त ती सांगायची सोय गेली. घरातल्या धूर लागला की वाजणाऱ्या अलार्मचा आवाज नको म्हणून त्याची वायर काढून टाकली तर आग लागायची थांबत नाही, तसं. कुत्र्याचं गुरगुरणं ही शिवी नाही, उद्धटपणा नाही, ‘अजून एक पाऊल पुढे येऊ नको, मला चावायचं नाहीये’ एवढाच त्याचा अर्थ असतो. गुरगुरणारं कुत्रं आपल्याला वेळ देतं. ज्याचं गुरगुरणं मारून बंद केलंय त्याच्याकडे तो वेळ उरत नाही.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्याकडे बाळ्या होता, त्याच्या कानाला हात लावला की गुरगुरायचा आणि मला त्या वेळी एकाने सांगितलं होतं तेच मी केलं, वर्तमानपत्राची गुंडाळी नाकावर आणि मानेला धरून खाली. महिन्याभरात गुरगुरायचा थांबला, मला वाटलं शिकला. मग एक दिवस आईने नुसतं डोक्यावरून हात फिरवला आणि आठ टाके पडले. नंतर वेटने, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरांनी, तपासलं तर कान आतून सडत आला होता, कित्येक आठवडे त्याला दुखत असणार आणि तो मला सांगत होता, आणि मी त्याचं तोंड बंद केलं. आई बरी झाली, बाळ्याही बरा झाला, पुढे नऊ वर्षं जगला, पण ते आठवलं की अजून पोटात कालवतं. म्हणून तुमचं पत्र आल्याबरोबर आधी हे उत्तर लिहायला घेतलं.

आता उताणी पाडण्याने नेमकं काय शिकवलं गेलं ते बघा. रशियातल्या पावलोवची गोष्ट शाळेत वाचली असेल, घंटा आणि लाळ. तुमच्या घरात ते रोज घडतं, पट्टा खुंटीवरून काढल्याचा नुसता खळकन आवाज झाला की चिंगी दारात हजर होत असेल, कारण तो आवाज म्हणजे फिरायला जाणं हे तिच्या अंगात बसलंय. विचार करून नाही, आपोआप. तसंच चांगल्याचं बसतं तसं वाईटाचंही बसतं. दोन महिने काय क्रम होता? मुलगा जवळ येतो, ती गुरगुरते, मोठं माणूस झडप घालून तिला आपटतं. तुम्हाला वाटतंय ती ‘गुरगुरलं की शिक्षा’ शिकली, हो, ते शिकलीच, पण त्याच्याबरोबर हेही शिकली की हा मुलगा जवळ आला की माझ्यावर संकट येतं. म्हणजे आधी त्याची धास्ती थोडी होती ती आपण वाढवली. तो बिचारा मिठी मारायला येतोय आणि तिच्या लेखी तो येऊ घातलेल्या मारहाणीची घंटा झालाय.

आणि ते बॉस प्रकरण. हे पुण्यात अजून इतकं ऐकायला मिळतं की मला थोडं सविस्तर लिहू दे. हे सगळं आलं लांडग्यांवरून. स्वित्झर्लंडमध्ये बाझलच्या प्राणिसंग्रहालयात रुडॉल्फ शेंकेल नावाच्या संशोधकाने बंदिस्त लांडग्यांचा अभ्यास करून १९४७ मध्ये लिहिलं की त्यांच्यात वरचा नंबर मिळवायला सतत झगडा चालतो. कोंडलेले प्राणी, छोटी जागा, कुणाला निघून जायची सोय नाही. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन लांडगा-अभ्यासकाने १९७० मधल्या आपल्या पुस्तकात हीच ‘अल्फा’ची, म्हणजे झगडून वरचा नंबर मिळवलेल्या म्होरक्याची, कल्पना घेतली आणि ती जगभर पसरली. पण मेक तिथे थांबले नाहीत. कॅनडाच्या पार उत्तरेला एल्समिअर बेटावर त्यांनी कित्येक उन्हाळे मोकळे लांडगे जवळून बघितले आणि १९९९ मध्ये स्वतःच लिहिलं की मोकळ्या रानातली टोळी म्हणजे बहुतेक वेळा आई, बाप आणि त्यांची पिल्लं, अल्फा म्हणणं म्हणजे घरातल्या आईबापाला अल्फा म्हणण्यासारखं आहे. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली! आणि तरी आपल्याकडे अजून लोक कुत्र्याच्या आधी जेवून घेतायत. आधी जेवा नंतर जेवा, चिंगीला त्याने काही फरक पडत नाही, तुमच्या सोयीने तिला वाढा. शिवाय कुत्रं म्हणजे लांडगा नव्हे, हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर, उंबरठ्यावर वाढलेला प्राणी आहे, दत्ताच्या पायाशी उगीच नाही बसलेला.

उलट एखाद्या सकाळी हनुमान टेकडीवर किंवा नदीपात्रातल्या रस्त्याला थांबून बाहेरची कुत्री बघा. एक कुत्रं दुसऱ्याकडे सरळ रेषेत सहसा जात नाही, वळसा घेऊन जातं, मध्येच जमीन हुंगत उभं राहतं, तोंड फिरवतं. दिवसभरात भांडण टाळायच्या पन्नास गोष्टी करतात आणि भांडण एखादंच होतं, आपल्याला ते एकच दिसतं कारण त्याला आवाज असतो. चिंगी अशाच कुत्र्यांची लेक आहे, तिला ही भाषा जन्मतः येते.

आता तो रविवार. तुम्ही लिहिलंय सत्यनारायण होता, माणसं किती ते लिहिलं नाहीत, पण अंदाज करते की सकाळपासून गडबड, दारावर सारखी बेल, अनोळखी पाय, बहुतेक तिला बाल्कनीत बांधलं असेल, जेवण वेळेवर झालं नसेल, सकाळचा फेरा अर्धवट झाला असेल. आणि तुम्ही राहता म्हात्रे पुलाजवळ! गणपती जवळ आलेत, नदीपात्रात संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव चालू असतो. मला स्वतःला ढोल फार आवडतो, त्याच्याविरुद्ध काही म्हणायचं नाहीये, पण तिच्या कानाचा विचार करा. आपल्याला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला पंचेचाळीस हजारच्या आसपासपर्यंत, म्हणजे ताशाच्या तडतडाटात आपल्याला जे ऐकूच येत नाही तेही तिच्या कानावर पडतंय, रोज, तासन्‌तास, आठवडेच्या आठवडे. असे ताण एकावर एक साठत जातात आणि शरीरातून उतरायला वेळ लागतो. आपणही दिवसभर पाहुणे केले, डोकं दुखतंय, आत्ता कुठे पाठ टेकली आणि तेवढ्यात कुणी अंगावर येऊन पडलं तर खेकसतोच की. ती टेबलाखाली गेली म्हणजे घरात तिला सापडलेल्या एकाच आडोशाला गेली. मान वळवून उपयोग नाही हे माहीत, गुरगुरलं तर आपटतात हे माहीत, टेबलाखालून पळायला वाट नाही. मग काय राहिलं तिच्याकडे?

आणि तरी, हे नीट बघा, दोन दात लागले आणि तिने सोडलं. दोन वर्षांच्या इंडीच्या जबड्यात किती ताकद असते तुम्हाला माहितीये, हाडं फोडतात त्या. तिने जेवढं लागेल तेवढंच केलं. याचा अर्थ ‘काही नाही, चालतं’ असा मी म्हणत नाहीये, चावा तो चावाच आणि पुढच्या वेळी तोंडाला लागू शकतो. पण ही कुत्री क्रूर नाही, घाबरलेली आहे.

शेपटीचं म्हणाल तर शेपूट हलते म्हणजे कुत्रं खूश, हा आपल्या सगळ्यांचा जुना गैरसमज. सैल, रुंद, कंबरेसकट हलणारी शेपूट वेगळी आणि खाली किंवा ताठ वर धरून टोकाशी तुरुतुरु हलणारी वेगळी. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये तीस कुत्र्यांवर मोजून दाखवलं की मालक दिसला की शेपूट जास्त उजवीकडे झुकते आणि दांडगट अनोळखी कुत्रं दिसलं की डावीकडे. एवढं बारीक घरी बघायला जमणार नाही, जमवायलाही नको, फक्त शेपटीबरोबर बाकीचं अंग सैल आहे की ताठ एवढं बघा.

आणि ‘तिला कळलं चूक झाली’ हे मनातून काढा. न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांचा २००९ चा एक छान प्रयोग आहे, चौदा कुत्री, ‘खाऊ नको’ सांगून मालक खोलीबाहेर जातो, मग कधी कुत्र्याने खरंच खाल्लेलं असतं, कधी नसतं, पण मालकाला कधी खरं सांगतात कधी खोटं. तर ते कान पाडणं, नजर चुकवणं, अंग चोरणं कुठे दिसलं? मालक रागावला तिथे. खाल्लं होतं की नव्हतं याचा संबंध नव्हता, उलट काही खाल्लेलं नसताना बोलणी बसली तेव्हा ते जास्त दिसलं. म्हणजे चिंगी बाल्कनीत गेली ती पश्चात्तापाने नाही, तुमच्या सगळ्यांच्या आवाजाने आणि चेहऱ्याने. तिला एवढंच कळलं की आता घरातली माणसं भयंकर झालीत. म्हणून ‘तिला कळत होतं तरी केलं’ असं कुणी म्हणायला लागलं तर थांबवा.

आता करायचं काय. शॉकचा पट्टा नाही, हे पहिलं आणि यात माझ्याकडून काही सवलत नाही. मुलगा जवळ येताना तिला शॉक बसला तर आत्ता सांगितलं ना, घंटेचं, तेच दहापट होईल. त्या ट्रेनरना नम्रपणे नको म्हणा. उताणी पाडणंही आजपासून बंद, घरातल्या सगळ्यांनी.

मग वेटकडे न्या. कान, दात, पाठ, खुबे, पोट सगळं तपासायला सांगा आणि रक्त पण, पावसाळ्यात गोचिड्या वाढतात आणि टिक फीव्हर अंगात असलेलं कुत्रं कधी कधी नुसतंच चिडचिडं दिसतं. दुखणं असेल तर बाकी कितीही शिकवलं तरी उपयोग नाही, हे बाळ्याने मला शिकवलंय.

घरात तिची एक जागा ठरवा जिथे कुणीही, अगदी कुणीही, जाणार नाही. एखाद्या खोलीचा कोपरा, तिची गादी, आडवं लावायला बेबी गेट. ती तिथे गेली की ती घरात नाहीच असं समजायचं. झोपलेल्या, खाणाऱ्या, काहीतरी चघळणाऱ्या कुत्र्याला मुलाने हात लावायचा नाही, हा नियम झाला. आणि मोठं माणूस त्याच खोलीत, मोबाइल खाली ठेवून, बघत नसेल तर मुलगा आणि चिंगी एकत्र नाहीत, गेट लावून टाका. सासूबाई स्वयंपाकघरातून लक्ष ठेवून आहेत याला लक्ष ठेवणं म्हणत नाहीत, त्यांनाही हे प्रेमाने सांगा. संध्याकाळी ढोल सुरू व्हायच्या आधी तिला फिरवून आणा आणि नंतर आतल्या, खिडकी बंद असलेल्या खोलीत पंखा लावून, कुरतडायला काहीतरी देऊन ठेवा.

मिठी तर पूर्ण बंद. बहुतेक कुत्र्यांना मिठी आवडत नाही, गळ्यात हात टाकून धरणं म्हणजे त्यांच्या भाषेत अडकवणं. हात लावायचाच असेल तर तीन सेकंदांचा नियम: तिने स्वतः जवळ यायचं, छातीला किंवा खांद्याला तीन सेकंद खाजवायचं, हात काढून घ्यायचा, आणि बघायचं. अंग टेकवून अजून मागते का? मग परत तीन सेकंद. तोंड फिरवलं, उठून गेली? मग संपलं, वाईट वाटून घ्यायचं नाही. पण हे पुढचं, आत्ता काही आठवडे मुलाने हातच लावायचा नाही.

आत्ता करायचं ते हे. चिंगीला सगळ्यात जास्त आवडणारं, उकडलेलं चिकन असो, पनीर असो, अंडं असो, हरभऱ्याएवढे तुकडे, आणि ते आता दुसऱ्या कुठल्याही वेळी मिळणार नाही. तिला पट्टा लावून तुम्ही तिच्याजवळ बसा. मुलगा लांब, खोलीच्या दुसऱ्या टोकाला दारात येतो, तिने त्याला बघितलं की लगेच तुकडा, तुकडा, तुकडा. तो दाराआड गेला की खाऊ बंद. एवढंच. दिवसातून दोनदा, तीन-चार मिनिटं. क्रम महत्त्वाचा, आधी मुलगा दिसला पाहिजे मग खाऊ, उलटं केलं तर ती खाऊच्या पिशवीलाच घाबरायला लागेल. काही दिवसांनी तो दारात आल्यावर ती वळून तुमच्याकडे बघेल, ‘आला तो, कुठाय माझं चिकन’ अशा चेहऱ्याने, तो चेहरा दिसला की मग एक पाऊल जवळ, त्याच्या आधी नाही. नाक चाटलं, तोंड मिटलं, ताठरली की दोन पावलं मागे. पुढे कधीतरी तो लांबून तिच्याकडे तुकडा टाकेल, हातातून भरवणं सगळ्यात शेवटी. घाई केलीत तर मागे जाल. याला महिने लागतात, गणपतीपर्यंत होईल अशी आशा धरू नका, आणि शक्य असेल तर मारझोड न करणारा, खाऊवर काम करणारा माणूस मदतीला घ्या. पहिल्याच भेटीत विचारा, कुत्रं चुकलं तर तुम्ही काय करता? तो जे उत्तर देईल त्यावर ठरवा.

जाळीचं मझल, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर चढवायचं मुसकं, तेही हळूहळू सवयीचं करा, ज्यात तोंड उघडून धापा टाकता येतात आणि पाणी पिता येतं तसलं, आत पनीर ठेवून, आठवडाभर नुसतं नाक घालू द्या. घरात पाहुणे असतील त्या दिवशी उपयोगी पडेल. मझल म्हणजे शिक्षा नाही.

आणि मधल्या काळात ती परत गुरगुरली तर? मला तर त्या दिवशी आनंद होईल. जिथे असाल तिथे थांबायचं, मुलाला शांतपणे बाजूला घ्यायचं, तिला मोकळी वाट द्यायची. रागवायचं नाही. नंतर बसून विचार करायचा की आपण कुठलं आधीचं सांगणं चुकवलं. तिचा आवाज परत येतोय याचा अर्थ तिला परत वाटायला लागलंय की ही माणसं ऐकतात.

इंडी जिद्दी असतात, शिकत नाहीत, हे मात्र ऐकून मला फार वाईट वाटतं. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांसमोर दोन झाकलेली भांडी ठेवून एकाकडे नुसतं बोट दाखवलं. निम्मी कुत्री माणसाला घाबरून जवळच आली नाहीत, पण जी आली त्यातल्या सुमारे ऐंशी टक्क्यांनी बोट दाखवलेलं भांडंच निवडलं. कुणीही न शिकवता! हे २०२० मध्ये छापून आलंय. चिंगीची अडचण डोक्याची नाहीच. पिल्लाचं साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचं वय असं असतं की त्यात जे जे बघितलं ते पुढे आपलं वाटतं. ती तुमच्याकडे आली तेव्हा चार महिन्यांची होती, ती वेळ साइटवर सिमेंटच्या पोत्यांत निघून गेली होती. तिथे लहान मुलं तिला कशी भेटली, दगड घेऊन की बिस्किट घेऊन, आपल्याला माहीत नाही. ते आता हळूहळू भरून काढायचंय, म्हणून वेळ लागणार.

सासऱ्यांशी बोलताना त्यांना खोटं पाडू नका. नातवाच्या हातातून रक्त आलेलं त्यांनी बघितलंय, त्यांचा राग म्हणजे काळजीच आहे. त्यांना एवढं सांगा की सिंहगडाच्या पायथ्याला त्या त्या वाडीची कुत्री आहेत, ती परक्या कुत्रीला टिकू देणार नाहीत, घरात वाढलेली चिंगी तिथे किती दिवस काढेल? आणि पाळलेला प्राणी उपाशी मरेल अशा जागी नेऊन सोडणं हा १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेपासून वाचवणाऱ्या कायद्याखाली गुन्हाही आहे. पण त्यांना दोन महिन्यांची मुदत मागा, आणि त्या दोन महिन्यांचं एक काम त्यांच्याकडे द्या, सकाळचा फेरा. पट्टा लांब, घाई नाही, तिला जिथे हुंगायचं तिथे मनसोक्त हुंगू द्यायचं, अर्धा तास हुंगून आलेलं कुत्रं दिवसभर जास्त निवांत असतं. आजोबा हो म्हणतील असं मला वाटतंय.

आणि हेही लिहिते, कारण तुम्हाला ते विचारायला भीती वाटत असेल. सगळं करूनही घरात गेट लावणं, लक्ष ठेवणं जमत नसेल, कुणी ऐकत नसेल, तर लहान मूल नसलेलं चांगलं घर तिला शोधून देणं हे पाप नाही. फक्त घेणाऱ्याला चाव्याची गोष्ट खरी खरी सांगायची, काही लपवायचं नाही.

मिस्टर काही बोलत नाहीत म्हणालात. त्यांना हा व्हिडिओ आवाज बंद करून एकदा बघायला सांगा, बाकी काही म्हणू नका.

आता राहिला तुमचा मुलगा. तो रोज विचारतोय ना, चिंगी माझ्यावर का चिडली? त्याला सांगा, चिडली नव्हती, ती दमली होती आणि घाबरली होती, तिने आपल्याला आधी सांगितलं होतं पण आपल्यापैकी कुणालाच तिची भाषा येत नव्हती, आई-बाबांना सुद्धा. तुझी चूक नाही आणि तिचीही नाही. मग त्याला एक दोनशे पानी वही द्या आणि गेटच्या अलीकडे बसून रोज दहा मिनिटं चिंगीची नोंद ठेवायला सांगा: कान कुठे होते, शेपूट कशी होती, जांभई किती वेळा दिली, कुणी आल्यावर दिली. मुलं हे आपल्यापेक्षा फार चांगलं करतात, बारीक बघतात आणि जे दिसतं तेच लिहितात. चित्र काढलं तरी चालेल.

तीन आठवड्यांनी मला परत एक व्हिडिओ पाठवा. मिठीचा नको. ती तिच्या गादीवर पडलीये आणि तो खोलीच्या पलीकडून दप्तर घेऊन नुसता चालत जातोय, एवढाच. आणि जमलं तर त्या वहीच्या एक-दोन पानांचे फोटो.